कोरियन जोगाकबो : शिवणीतून स्त्रीश्रमाच्या इतिहासाचे वाचन

प्रस्तावना :
कोरियात वस्तू गुंडाळण्यासाठी, झाकण्यासाठी व वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चौकोनी कापडास ‘बोजागी’ म्हणतात. लहान तुकडे जोडून शिवलेली बोजागी म्हणजे ‘जोगाकबो’. जोसन राजवटीत (१३९२–१९१०) ही कला प्रामुख्याने सामान्य घरांतील स्त्रियांनी जोपासली. आज उपलब्ध असलेले बहुतेक नमुने १९ व्या व २० व्या शतकाच्या आरंभाचे असून ते शिवणाऱ्या स्त्रिया अनामिक आहेत. जिने स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही, तिचा इतिहास कोणत्या साधनाच्या आधारे लिहावा? शिवण हेच असे एक साधन आहे, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
१४७५ मध्ये राणी सोहे यांनी सिद्ध केलेल्या ‘नेहुन’ या ग्रंथातून स्त्रियांच्या आचरणाचे कन्फ्यूशियन आदर्श सांगितले गेले. घर हेच स्त्रीचे कार्यक्षेत्र ठरल्याने शिवणकाम हे तिचे कर्तव्य बनले. ‘जोचिम्मुन’ या १९ व्या शतकातील गद्यरचनेत एक विधवा २७ वर्षे वापरलेली सुई मोडल्याबद्दल शोक करते. तिच्याविषयीही ‘यू’ या कुलनामापलीकडे फारशी माहिती मिळत नाही.

तंत्र व त्याचे वाचन :
पोशाख बेतताना उरलेले रेशीम, सुती, तागसदृश ‘साम्बे’ किंवा रॅमीच्या धाग्याचे ‘मोशी’ कापड यासाठी वापरले जाई. अस्तर नसलेल्या मोशीच्या कापडात एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेवर दुमडून दोन्ही बाजूंनी बारीक टाके घालतात. कच्च्या कडा आत बंदिस्त होत असल्याने दोन्ही बाजू सुबक दिसतात. उजेडात धरल्यास शिवणींच्या गडद रेषा उमटतात.

तळहाताएवढा नऊ तुकड्यांचा रुमाल हाताने शिवून पाहिल्यास विद्यार्थ्यास एक महत्त्वाची गोष्ट उमगते. अशी शिवण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जावी लागते. म्हणून आधी लहान तुकड्यांचे गट व नंतर गटांची जोडणी, असा क्रम पाळावा लागतो. परिणामी, जी शिवण दुसरीपाशी येऊन थांबते ती आधीची आणि जी सलग पुढे जाते ती नंतरची, असे अनुमान करता येते. जुन्या कापडावरूनही अनामिक स्त्रीने केलेल्या कामाचा क्रम अशा प्रकारे वाचता येतो.

अन्वयार्थ :
जोगाकबोकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे अपुरे आहे. आधुनिक अमूर्त चित्रकलेशी, विशेषतः माँद्रियानच्या चित्रांशी, तिची तुलना करण्यातही धोका संभवतो. कारण त्यात आकृती उरते आणि श्रम नाहीसे होतात. शिवणींचा क्रम मात्र पूर्वनियोजन, मोजमाप व निवड यांची साक्ष देतो.

समारोप :
हुह दोंग-ह्वा (१९२६–२०१८) यांनी १९७६ मध्ये सेऊल येथे कोरियन भरतकामाचे संग्रहालय स्थापन केले. त्यांचा संग्रह २०१८ मध्ये सेऊल महानगर प्रशासनास देण्यात आला व २०२१ मध्ये तेथे हस्तकला संग्रहालय खुले झाले. वस्तूंचे जतन अशा प्रकारे झाले. परंतु त्यामागील ज्ञान हातातच वसते. म्हणूनच वस्त्रेतिहासाच्या अभ्यासात दप्तरवाचनाबरोबर सुईदोऱ्यासही स्थान मिळणे आवश्यक आहे, असे म्हणता येईल.