शिक्षक केशवसुत

कृष्णाजी केशव दामले यांच्या चरित्राचा विचार करताना त्यांची शिक्षकी ही केवळ पोटाची सोय म्हणून बाजूस सारण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही.

केशवसुतांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. वडील केशवपंत हेही शिक्षकच. बडोदे, वर्धा, नागपूर असे हिंडत त्यांचे शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कसेबसे मॅट्रिकपर्यंत पोचले, तेव्हा त्यांनी विशी केव्हाच ओलांडली होती. १८८८ साली आगरकरांचे 'सुधारक' निघाले, आणि त्याच वर्षी केशवसुतांनी 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली. सावली पडली म्हणून झिडकारलेले मूल आईस कारण विचारते, एवढाच तिचा विषय. डॉ. आंबेडकरांचा जन्म यानंतर तीन वर्षांनी झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रश्नाचे मोल कळते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही कविता लिहिताना केशवसुत स्वतः विद्यार्थी होते. पुढे मुंबईत मिळेल ती शिकवणूक व कारकुनी, प्लेगनंतर खानदेशात भडगाव, फैजपूर येथील शाळा, आणि १९०४ पासून धारवाडचे हायस्कूल, असे त्यांचे आयुष्य गेले. म्हणजे प्रश्न विचारणारा तरुण उत्तर देणाऱ्याच्या जागी येऊन उभा राहिला. १८९३ मधील 'तुतारी'त जुन्या रूढींवर चाल करून जाण्याचे आवाहन आहे. ते करणारा मनुष्य अल्प वेतनाचा, बढतीची शाश्वती नसलेला मास्तर होता. सुधारणेची भाषा सुस्थितीतील माणसेच बोलतात, या समजुतीस याहून चोख उत्तर नाही.

७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकोणचाळीस. काही दिवसांतच पत्नीही त्याच रोगास बळी पडली. हयातीत एकही संग्रह निघाला नव्हता. हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली कविता एकत्र छापल्या. कवीचे छायाचित्रदेखील उपलब्ध नाही.

त्या काळी धारवाड-हुबळी मुंबई इलाख्यात व आमचे गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. १९५६ पासून ही गावे एकाच राज्यात आहेत. तेव्हा आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक शेवटची दीड-दोन वर्षे कन्नड मुलखात मराठी शिकवीत होता, ही आठवण जपण्याचे उत्तरदायित्व आम्हां सीमाभागातील शिक्षकांवर विशेष आहे. मात्र ते जयंतीच्या भाषणाने फिटणारे नव्हे. 'तुतारी' मुलांकडून खड्या आवाजात म्हणवून घेणे सोपे; त्या अंत्यज बालकाचा प्रश्न वर्गात मांडून, आपल्याच गावात त्याचे उत्तर मुलांस शोधू देणे कठीण. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा १९५५ साली झाला. परंतु मुलाचे समाधान कायद्याचे कलम वाचून होत नाही. ते काम शिक्षकाचे आहे, आणि केशवसुतांचे ऋण फेडावयाचे तर तेथूनच आरंभ केला पाहिजे.