राजाचा वाडा, लेकीची रत्नागिरी

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीकडे बघत उंचावर उभा असलेला थिबा राजवाडा इंग्रज सरकारने बांधला, तो ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला कैदेत ठेवण्यासाठी. नाव राजवाड्याचं असलं तरी काम तुरुंगाचंच होतं.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौजा मंडालेत शिरल्या. थिबा राजा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला, राणी सुपयालतला आणि तिची धाकटी बहीण असलेल्या दुसऱ्या राणीला बोटीत बसवून आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि पावसाळ्यात बंदरही बंद. आगगाडी इथे यायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली. राजाला जगापासून तोडायचं तर याहून सोयीची जागा मुंबई इलाख्यात नव्हती.

राजवाडा लगेच बांधला गेला नाही. चोवीस वर्षं हे कुटुंब बंगल्यांतून राहिलं. चार राजकन्यांपैकी थोरल्या दोघी मंडालेत जन्मल्या, तिसरी मद्रासला आणि धाकटी रत्नागिरीत. मंडालेहून आणलेले माणिक-हिरे विकत विकत राजाने दिवस काढले. वाडा बांधायचं अखेर ठरलं तेव्हा त्याच्या आराखड्यात त्याने स्वतः लक्ष घातलं. १९१० साली सगळे नव्या वास्तूत आले. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्याच साली मंडालेच्या तुरुंगात होते आणि तो तुरुंग थिबाच्याच किल्ल्याच्या तटबंदीच्या आत होता. एका गावचा पुत्र दुसऱ्या गावच्या राजाच्या अंगणात कैदी आणि तो राजा पहिल्याच्या जन्मगावी. साम्राज्य कसं चालतं हे समजायला दुसरं उदाहरण नको.

या वाड्यात राजाला जेमतेम सहा वर्षं मिळाली. धाकटी राणी १९१२ मध्ये गेली, डिसेंबर १९१६ मध्ये थिबाही गेला. सुपयालतला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारने ते मान्य केलं नाही. दोन वर्षांहून अधिक काळ तो देह समाधीविना राहिला. मार्च १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधी झाली आणि त्याच वर्षी राणी मुलींसह रंगूनला परतली. वाडा रिकामा झाला.

पण मला या वास्तूची खरी कथा थोरल्या राजकन्येची वाटते. ब्रह्मी राजकुळात मुलगी द्यायची ती बरोबरीच्या घराण्यात, आणि तसा वर या किनाऱ्यावर कुठून येणार? गोपाळ सावंत नावाचा, आधीच संसारात असलेला माणूस राजाकडे नोकरीला होता. त्याच्यापासून राजकन्येला १९०६ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव टूटू. सगळ्यांबरोबर थोरलीही ब्रह्मदेशात गेली, पण तिथे रमली नाही आणि लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली. वडिलांना जबरदस्तीने आणून सोडलेलं गाव तिने आपण होऊन निवडलं. १९४७ मध्ये ती वारली. टूटूने इथल्याच एका मराठी माणसाशी संसार केला. ती मराठी बोलत होती, शेणी थापून आणि कागदी फुलं करून विकत होती. मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या राजाची ही सख्खी नात रत्नागिरीची एक कष्टकरी बाई म्हणून जगली आणि २००० साली गेली. तिला राजघराण्याची म्हणून काहीच मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाड्याचा पुढे सरकारी कामांसाठी वापर झाला, तंत्रनिकेतनाचे वर्गही इथे भरले. आता इथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले. सत्तेवरचा इतका मोठा ब्रह्मी माणूस इथे यायला जवळजवळ शतक लागलं.

रत्नागिरीला जाणारे बहुतेक जण राजवाडा पाहतात, थिबा पॉइंटवरून सूर्यास्त पाहतात आणि गणपतीपुळ्याची वाट धरतात. समाधी शहरातच आहे. पुढच्या वेळी तिथेही जा, आणि बरोबरच्या मुलांना टूटूचं नाव सांगा.