अडलेल्या स्क्रूची बखर

माणसाचा स्क्रू ढिला झाला की आपण लगेच बोट दाखवतो. पण ज्याचा स्क्रू घट्ट बसून कायमचा जाम झाला आहे, अशा माणसासाठी भाषेत एकही वाक्प्रचार नाही. वास्तविक आमच्या बँकेत दुसऱ्या प्रकारच्या मंडळींचाच भरणा अधिक. असो.

खिळा ठोकणारा माणूस तो परत काढायचा विचार करीत नाही. स्क्रू पिळणारा मात्र, पुढेमागे हे उघडावं लागेल, असं मनाशी धरूनच पिळतो. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रू ही मुदत ठेव आहे. गरज पडली तर मोडता आली पाहिजे. न निघणारा स्क्रू म्हणजे पावती हातात असून पैसे न मिळणं.

हे असं का होतं, याचा शोध घेत मागे मागे गेलो तर प्रकरण थेट इंग्लंडात निघालं. तिथे सतराशे-अठराशेच्या सुमाराला प्रत्येक बोल्टाचा नट वेगळा असे. आटे कारागिराच्या हाताचे. त्यामुळे या बोल्टाला हाच नट, शेजारचा चालायचा नाही. थोडक्यात, पत्रिका जुळवून केलेली लग्नं. मग लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८०० च्या आसपास आटे कापायचं लेथ असं काही सुधारलं की एकसारखे आटे पुन:पुन्हा निघू लागले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने गावोगावच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मापं घेतली आणि १८४१ साली जाहीर केलं की आट्याचा कोन ५५ अंश. इंग्रजी रेल्वेने ते उचललं.

इथे बखर संपायला हरकत नव्हती. पण १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स नावाचे गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, ५५ नको, ६० घ्या. करायला सोपं पडतं. अमेरिकेने ६० घेतलं. पाच अंशांचा प्रश्न! आपल्याकडे दोन भावांच्या बांधावरून एवढ्याच मापाची भांडणं होतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा हिटलरशी एकदिलाने लढत होते, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नव्हता. शेवटी १९४८ साली तिघांनी सही करून ६० अंश मान्य केले. तोवर युरोपात मिलिमीटरचे आटे रुळलेले होतेच. म्हणजे भांडण मिटलं, पण घरं दोनच राहिली.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली खरी. पण बोहरी आळीत जाऊन बघा. दुकानदाराच्या डाव्या हाताच्या डब्यांत इंच आणि सूत, उजव्या हाताच्या डब्यांत मिलिमीटर, आणि मधल्या डब्यात ‘हे कशाला लागतात माहीत नाही, पण लागतात’ असे.

कॉम्प्युटरच्या पेटीत ही दोन्ही घरं एकत्र नांदतात. पेटी बंद करायला आणि मोठी हार्ड डिस्क आवळायला अमेरिकन ‘सहा-बत्तीस’, म्हणजे इंचाला बत्तीस आटे, जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर. सीडीच्या ड्राइव्हला मात्र ‘एम-तीन’: जाडी तीन मिलिमीटर, आटे अगदी बारीक. लांबून दोघे जुळे भाऊ. सहा-बत्तीसच्या भोकात एम-तीन घातला तर तो खुळखुळतो आणि आपली चूक कळते. उलट एम-तीनच्या भोकात सहा-बत्तीस घातला, तर तो दोन वेढे कुरकुरतो, आणि कुरकुरणाऱ्याला जोर लावला की तो आत जातो. बाहेर येत नाही.

वर डोक्याचा इतिहास निराळा. कॅनडाच्या रॉबर्टसनने १९०८ च्या सुमाराला चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. उत्तम होता, पण गृहस्थ हक्क सोडायला तयार नाहीत. कॅनडाबाहेर तो फारसा पसरलाच नाही. पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने फुलीच्या खाचेची पेटंटं १९३६ साली मिळवली, कॅडिलॅक गाडीत ती वापरली गेली आणि मग जगभर फुल्याच फुल्या झाल्या. आपण तिला ‘स्टार’ म्हणतो. फार जोर लावला की पाना फुलीतून आपोआप वर सरकतो, हा तिचा स्वभाव. यंत्राने पिळताना तो सोयीचा. हाताने सोडवताना दर सरकण्याबरोबर फुलीचे कोपरे झिजतात आणि स्टारचा चंद्र होतो. त्यात आपलं राष्ट्रीय हत्यार म्हणजे टेस्टर. दिवा लागतो की नाही हे बघायला जन्माला आलेला हा जीव आपण रंगाचे डबे उघडायला, नारळाचे डोळे फोडायला आणि फुलीचे स्क्रू फिरवायला वापरतो. दहा अडलेल्या स्क्रूंपैकी आठांच्या कपाळावर टेस्टरच्या खुणा असतात, असा माझा अंदाज आहे.

वडिलांच्या कॉम्प्युटरमध्ये नेमका असाच एक भेटला. वडील गेल्यावर ते यंत्र कोपऱ्यात होतं. शेवटच्या चार वर्षांत त्यांनी आपल्या लहानपणाविषयी त्यावर काहीबाही लिहिलं होतं, ते आईला वाचायचं होतं. आता यंत्र सुरूच होईना. आतून नुसती टकटक ऐकू येई. जुनी डिस्क काढून आतला मजकूर वाचवायचा आणि जागी नवी एसएसडी बसवायची, असा बेत ठरला. पण डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पोचायचं तर आधी सीडीचा ड्राइव्ह काढायला हवा. त्याचे तीन स्क्रू निघाले. चौथा कुण्या मेकॅनिकने कधीकाळी बसवलेला, डोकं गुळगुळीत.

कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले शेजारचे काका आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“अरे, हा गंजलेला नाही. दुसऱ्याच घरचा आहे. सूनबाईला जबरदस्तीने नांदवलंय.”

“तेल सोडू का थोडं, काका?”

“विजेच्या सामानात तेल? बँकेत असंच करता का रे?”

फुलीवर रबराचा तुकडा ठेवून पाना दाबला, तो निसटला. पकडीला डोक्याची कड सापडेना. मग काकांनी आईकडे कणकेचा गोळा मागितला. तो स्क्रूभोवती लिंपला, कीस आत पडू नये म्हणून, आणि हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने डोक्यावर सावकाश एक आडवी खाच पाडली. म्हणजे फिलिप्सच्या आधीच्या जमान्यात स्क्रूला परत नेऊन ठेवलं. “आधी जरासा आवळ, मग सोड,” ते म्हणाले. आवळला. टक् असा आवाज झाला. आईने देवाकडे पाहिलं, मी डिस्ककडे. पण तो स्क्रूच होता. अर्धा वेढा, एक वेढा, आणि आला बाहेर, आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा घेऊन.

डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर दोन तास जगली. तेवढ्यात सत्तेचाळीस पानं निघाली. मजकूर जुन्या फाँटमधला, त्यामुळे पडद्यावर आधी नुसती गिचमीड. तो फाँट मिळाल्यावर पहिली ओळ उमटली, आणि आईने मला चहा करायला आत पाठवलं.

काकांना विचारलं, इतके घोटाळे आहेत तर एकच माप का करत नाहीत? ते म्हणाले, “करतात की. दर वेळी एक नवीन.” ते खरं असावं. भाच्याच्या नव्या कॉम्प्युटरात एसएसडी म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढा तुकडा, आणि त्याला धरून ठेवायला फक्त एक स्क्रू, दोन मिलिमीटरचा. तो अडत नाही. तो खाली पडतो, आणि पडल्याचा आवाजसुद्धा करीत नाही.