एका मिनिटात 25 हजार बुकिंग: जास्त गर्दीच्या ऑनलाइन दुकानासाठी वेब होस्टिंग कसं निवडतात?

30 जुलै 2022. सकाळी 11 वाजता महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग सुरू झालं. कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार पहिल्या 25 हजार गाड्या एका मिनिटात बुक झाल्या आणि अर्ध्या तासाच्या आत बुकिंगने 1 लाखाचा टप्पा गाठला. ही गाडी बनते पुणे जिल्ह्यात, चाकण एमआयडीसीतल्या निघोजे गावच्या हद्दीत असलेल्या कारखान्यात. सुरुवातीच्या किमतीचा फायदा पहिल्या 25 हजार ग्राहकांनाच मिळणार होता. त्यामुळे प्रत्येक सेकंद महत्त्वाचा होता.

एका मिनिटात 25 हजार म्हणजे सेकंदाला 400 हून जास्त बुकिंग. एका बुकिंगसाठी ग्राहकाचा मोबाइल सर्व्हरला फक्त दहा वेळा काही विचारतो असं धरलं, तरी सेकंदाला चार हजारांवर विनंत्या होतात. ज्यांचं बुकिंग झालं नाही, जे नुसते बघायला आले, ते यात धरलेलेच नाहीत.

गाड्या असोत, साड्या असोत की स्पेअर पार्ट, ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्रत्येकापुढे लहान-मोठ्या प्रमाणात हाच प्रश्न असतो: गर्दी आली की साइट टिकेल का?

होस्टिंग म्हणजे काय?

वेबसाइटची पानं, फोटो, ऑर्डरींची नोंद हे सगळं कुठल्या तरी कॉम्प्युटरवर ठेवावं लागतं. तो कॉम्प्युटर 24 तास इंटरनेटला जोडलेला असतो. त्याला सर्व्हर म्हणतात आणि त्याची जागा भाड्याने घेणं म्हणजे होस्टिंग. त्याचे मुख्य प्रकार असे:

- शेअर्ड होस्टिंग: एका सर्व्हरवर अनेक साइट. हे चाळीतल्या सामायिक नळासारखं असतं. शेजाऱ्याने नळ मोठा सोडला की आपली धार बारीक होते. स्वस्त, पण गर्दीच्या दुकानासाठी उपयोगाचं नाही.
- व्हीपीएस: सर्व्हर एकच, पण प्रत्येकाला ठरावीक मेमरी आणि प्रोसेसर वाटून दिलेला. मध्यम दुकानासाठी ठीक.
- डेडिकेटेड सर्व्हर: अख्खा सर्व्हर आपला. ताकद भरपूर, पण गर्दी दहापट झाली तर लगेच दुसरा आणता येत नाही.
- क्लाउड होस्टिंग: गरजेप्रमाणे सर्व्हर वाढवता आणि कमी करता येतात, वापराप्रमाणे बिल येतं. सेलच्या दिवशी उसळणाऱ्या गर्दीसाठी बहुतेक मोठी दुकानं हाच मार्ग धरतात.
- तयार प्लॅटफॉर्म: शॉपिफायसारख्या सेवेत सर्व्हरची काळजी तीच कंपनी घेते. स्वतःची तांत्रिक माणसं नसतील तर हे सोयीचं, पण हवे तसे बदल करण्यावर मर्यादा येतात.

गर्दी मोजायची कशी?

इथे बरेच जण सरासरीवर जातात आणि फसतात. समजा एका दुकानाच्या साइटवर 20 हजार लोक येतात आणि प्रत्येक जण पाच पानं बघतो. हे लोक दिवसभरात विखरून आले, तर सेकंदाला एक-दोन पानं उघडतात. तेच 20 हजार लोक ऑफर सुरू झाल्यावर एका तासात आले, तर सेकंदाला सुमारे 28 पानं. होस्टिंग निवडताना हा दुसरा आकडा धरायचा आणि त्याच्यावर राखीव ताकद ठेवायची.

नुसते सर्व्हर वाढवून भागत नाही

6 ऑक्टोबर 2014 रोजी फ्लिपकार्टच्या ‘बिग बिलियन डे’ला साइट अडखळली. दुसऱ्या दिवशी संस्थापक सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांची माफी मागितली. सुमारे पाच हजार सर्व्हर आणि नेहमीच्या 20 पट गर्दीची तयारी होती, तरी ती कमी पडली, असं त्यांनी पत्रात मान्य केलं होतं.

म्हणून सर्व्हरसोबत आणखी चार गोष्टी बघाव्या लागतात.

कॅशिंग आणि सीडीएन: वस्तूचा फोटो आणि वर्णन सगळ्यांना सारखंच दिसतं. ते दरवेळी नव्याने तयार करायची गरज नसते. सीडीएन अशा गोष्टींची प्रत ग्राहकाच्या जवळच्या शहरात ठेवतं. त्यामुळे मुख्य सर्व्हरवर कार्ट आणि पेमेंट एवढाच भार उरतो.

डेटाबेस: एका वस्तूचे शेवटचे दहा नग आणि मागणारे हजार जण, असं झालं की सगळे एकाच नोंदीवर येऊन अडकतात. सर्व्हर दहा असले तरी ही अडचण सुटत नाही. डेटाबेस वेगळ्या, ताकदवान मशीनवर असावा.

ऑटो स्केलिंगचा वेळ: क्लाउड आपोआप वाढतो हे खरं, पण नवा सर्व्हर कामाला लागायला बऱ्याचदा काही मिनिटं जातात. गर्दी पहिल्याच मिनिटात येणार असेल तर तोवर खेळ संपलेला असतो. त्यामुळे वेळ ठरलेल्या सेलआधीच सर्व्हर वाढवून ठेवावे लागतात.

रांग: पेलवेल तेवढ्याच लोकांना आत घेऊन बाकीच्यांना ‘तुमचा नंबर येत आहे’ असं दाखवणारं पान लावता येतं. साइट बंद पडण्यापेक्षा रांग परवडते.

सर्व्हर कुठे असावा?

ग्राहक भारतात असतील तर सर्व्हर भारतातच बरा. पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला प्रत्येक विनंतीला साधारण 200 मिलिसेकंद किंवा जास्त लागतात, मुंबईला त्याच्या छोट्या हिश्शात काम होतं. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यासह तीन ठिकाणी, ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गुगलने 2017 मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रं सुरू केली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या दुकानदाराला जवळचे पर्याय आहेत.

99.9 टक्के म्हणजे किती?

‘99.9 टक्के अपटाइम’ ऐकायला छान वाटतं. हिशेब केला तर महिन्याला सुमारे 43 मिनिटं साइट बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळलेलाच असतो. 99.99 टक्के असेल तर साधारण साडेचार मिनिटं. ही मिनिटं नेमकी सेलच्या वेळी आली तर काय, हा विचार करावा. आश्वासन मोडलं तरी भरपाई सहसा होस्टिंगच्या बिलात सूट म्हणून मिळते, बुडालेल्या विक्रीची नाही.

पेमेंट आणि सुरक्षा

ग्राहकाचा सगळ्यात मोठा संताप ‘पैसे कापले, ऑर्डर नाही’ यावर असतो. पेमेंट झाल्याचा निरोप उशिरा आला किंवा दोनदा आला, तरी ऑर्डर एकदाच नोंदली जाईल अशी व्यवस्था हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला ग्राहकाचा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन वापरलं जातं. एसएसएल, रोजचा बॅकअप आणि बनावट गर्दीपासून संरक्षण हेही असायलाच हवं.

करार करण्याआधी विचारायचे प्रश्न

1. गर्दी दहापट झाली तर साइट बंद होईल, मंद होईल की बिल वाढेल? वाढलं तर किती?
2. बिलावर कमाल मर्यादा किंवा इशारा लावता येतो का?
3. रात्री 12 वाजता फोन उचलणारा माणूस आहे का?
4. बॅकअपमधून साइट पुन्हा उभी करायला किती वेळ लागतो?
5. उद्या दुसरीकडे जायचं ठरवलं तर सगळा डेटा सहज नेता येईल का?

उत्तरं समाधानकारक असली तरी सेलच्या किमान एक-दोन आठवडे आधी लोड टेस्ट घ्यावी, म्हणजे खोटी गर्दी सोडून साइट कुठे अडकते ते बघावं. चूक तेव्हा सापडली तर ती दुरुस्त करायला वेळ असतो.