डीव्हीडी व्हिडिओचे पुनःसंकेतन

डीव्हीडी व्हिडिओचे पुनःसंकेतन म्हणजे डीव्हीडी तबकडीवर एमपेग-२ पद्धतीने साठवलेला व्हिडिओ उलगडून तो एच.२६४ किंवा एच.२६५ यांसारख्या अधिक कार्यक्षम पद्धतीने पुन्हा संक्षिप्त करण्याची क्रिया होय. चित्राचा दर्जा डोळ्यांना जाणवेल इतका न घटवता संचिका लहान करणे हा तिचा उद्देश असतो. बोलीभाषेत या सर्व कामाला सरसकट ‘रिप करणे’ असे म्हणतात. वस्तुतः तबकडीवरील माहिती संगणकावर उतरवून घेणे आणि ती नव्याने संकेतित करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिल्या क्रियेत काहीही गमावले जात नाही. दुसरीत थोडे तरी गमावले जातेच आणि गमावलेले परत मिळवता येत नाही.

पार्श्वभूमी

व्हीसीडीचे मानक १९९३ साली ठरले, तर डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. भारतात या दोन्ही तबकड्यांचा मोठा प्रसार झाला. मराठी चित्रपट, नाटके तसेच घरगुती लग्नमुंजींची चित्रणे अनेक वर्षे याच तबकड्यांवर जतन केली जात होती. घरी वा छायाचित्रकाराकडे ‘बर्न’ केलेल्या तबकडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते. प्रकाश, उष्णता व दमटपणा यांमुळे हा थर कालांतराने खराब होतो. शिवाय आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तबकडी वाचणारे यंत्र नसते. त्यामुळे जुनी चित्रणे संचिकेच्या रूपात आणणे ही केवळ सोय न राहता जतनाची गरज बनली आहे.

तबकडीवरील मूळ व्हिडिओ

निरनिराळ्या तबकड्यांवरील व्हिडिओचे स्वरूप पुढीलप्रमाणे असते:

- व्हीसीडी: एमपेग-१ पद्धत, पाल प्रकारात ३५२×२८८ पिक्सेल, चित्रासाठी सेकंदाला सुमारे १,१५० किलोबिट.
- डीव्हीडी: एमपेग-२ पद्धत, पाल प्रकारात ७२०×५७६ पिक्सेल व सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी प्रकारात ७२०×४८० पिक्सेल व सेकंदाला २९.९७ फ्रेम, चित्रासाठी सेकंदाला कमाल ९.८ मेगाबिट, एका थराची क्षमता ४.७ गिगाबाइट, दोन थरांची ८.५ गिगाबाइट.
- ब्लू-रे (२००६): १९२०×१०८० पिक्सेलपर्यंत; चित्रासाठी सेकंदाला कमाल ४० मेगाबिट; क्षमता २५ किंवा ५० गिगाबाइट.

भारतातील दूरचित्रवाणी प्रक्षेपण पाल पद्धतीचे होते, तरी भारतात विकल्या गेलेल्या डीव्हीडींमध्ये एनटीएससी प्रकारच्या तबकड्याही आढळतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तबकडीचा प्रकार पाहणे आवश्यक ठरते.

डीव्हीडीवरील व्हिडिओ हा आधीच बराच संक्षिप्त केलेला असतो. ७२०×५७६ पिक्सेलच्या फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी सरासरी १२ बिट धरले, तर सेकंदाला २५ फ्रेमसाठी सुमारे १२४ मेगाबिट लागतील. तीन तासांचे नाटक ४.७ गिगाबाइटच्या तबकडीवर बसवायचे असेल, तर ध्वनीसह सेकंदाला सरासरी ३.५ मेगाबिटच उपलब्ध होतात. पुनःसंकेतनात या घटवलेल्या माहितीवर पुन्हा एकदा घट केली जाते. त्यामुळे नवी प्रत मुळापेक्षा चांगली होऊ शकत नाही.

बिटरेट आणि दर्जा

एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी खर्च होणाऱ्या बिटांच्या संख्येला बिटरेट असे म्हणतात. बिटरेट म्हणजेच दर्जा, हा समज प्रचलित असला तरी तो बरोबर नाही. संकेतन करणारी आज्ञावली काही फ्रेम पूर्ण साठवते आणि उरलेल्या फ्रेमसाठी मागच्या-पुढच्या फ्रेमपासून झालेला बदल तेवढा नोंदवते. स्थिर कॅमेऱ्यासमोर एकच कीर्तनकार उभा असेल, तर एका फ्रेमपासून दुसरीत फारच थोडा बदल होतो व कमी बिट पुरतात. पालखीच्या रिंगणात घोडे, पताका, धूळ व गर्दी हे सारे एकाच वेळी हलत असते, त्यामुळे तेवढ्याच दर्जासाठी कितीतरी अधिक बिट लागतात. दोन्ही प्रसंगांना समान बिटरेट दिल्यास पहिल्यात बिट वाया जातात आणि दुसऱ्यात चित्राचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

बिटवाटपाच्या पद्धती

बिटांचे वाटप मुख्यतः तीन प्रकारे केले जाते.

स्थिर बिटरेट: प्रत्येक प्रसंगाला जवळपास सारखेच बिट दिले जातात. थेट प्रक्षेपणासाठी ही पद्धत उपयुक्त आहे. साठवणीसाठी ती उधळपट्टीची ठरते.

दोन फेऱ्यांचे संकेतन: पहिल्या फेरीत संपूर्ण व्हिडिओची पाहणी होते व दुसऱ्या फेरीत कठीण प्रसंगांना अधिक बिट दिले जातात. संचिकेचा आकार आधीच ठरलेला असेल, तेव्हा ही पद्धत वापरतात. उदाहरणार्थ, अडीच तासांचे (९,००० सेकंद) नाटक दीड गिगाबाइटमध्ये बसवायचे आहे. दीड गिगाबाइट म्हणजे १,२०,००,००० किलोबिट. त्यास ९,००० ने भागल्यास सेकंदाला १,३३३ किलोबिट मिळतात. ध्वनीसाठी १२८ किलोबिट वजा केल्यास चित्रासाठी सुमारे १,२०५ किलोबिट उरतात.

स्थिर दर्जा: यात वापरकर्ता बिटरेटऐवजी दर्जाचा अंक ठरवतो आणि आज्ञावली प्रत्येक प्रसंगाला लागतील तेवढे बिट खर्च करते. एक्स२६४ या आज्ञावलीत सामान्यतः ० ते ५१ असे अंक असतात. अंक लहान तितका दर्जा चांगला. मूळ नियोजित अंक २३ असतो. हँडब्रेक या मुक्त आज्ञावलीच्या मार्गदर्शिकेत डीव्हीडीच्या आकाराच्या व्हिडिओसाठी १८ ते २२ हे अंक सुचवले आहेत. अंक ६ ने वाढवल्यास संचिका ढोबळमानाने निम्मी होते. आकाराचे बंधन नसेल, तेव्हा हीच पद्धत सर्वांत योग्य मानली जाते.

संकेतनापूर्वीची तयारी

कमी बिटरेटमध्ये चांगला दर्जा मिळणे हे बऱ्याच अंशी पूर्वतयारीवर अवलंबून असते.

रेषांची गुंफण: जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेल्या चित्रणात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांची बनलेली असते. एका भागात विषम व दुसऱ्यात सम रेषा असतात आणि हे भाग वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असतात. संगणकाच्या पडद्यावर अशा चित्रातील हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. हा दोष काढण्याच्या क्रियेस डीइंटरलेसिंग म्हणतात. पाल चित्रणातून सेकंदाला ५० फ्रेम तयार केल्यास हालचालीचा मूळ ओघ टिकून राहतो.

चित्रपटाचे फ्रेम: चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चित्रित होतो. पाल तबकडीसाठी तो सामान्यतः सुमारे चार टक्के जलद करतात. एनटीएससी तबकडीत मात्र काही फ्रेमचे अर्धे भाग पुन्हा वापरून संख्या वाढवलेली असते, त्यामुळे दर पाच फ्रेमपैकी दोन मिश्र असतात. येथे डीइंटरलेसिंग न करता मूळ २४ फ्रेम परत मिळवावे लागतात. या क्रियेस इनव्हर्स टेलिसिने म्हणतात. तिच्यामुळे दर्जा व बचत दोन्ही साधतात.

चित्राचे प्रमाण: डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. तीच ७२०×५७६ पिक्सेलची फ्रेम ४:३ किंवा १६:९ अशा दोन्ही प्रमाणांत दाखवली जाऊ शकते. प्रमाणाची ही नोंद नव्या संचिकेत न उतरल्यास माणसे उंच-सडपातळ किंवा बुटकी-रुंद दिसतात.

काळ्या पट्ट्या व कुरव: कडेच्या काळ्या पट्ट्या कापून टाकणे इष्ट असते. चित्रातील बारीक थरथर, म्हणजे कुरव किंवा नॉइज, प्रत्येक फ्रेममध्ये बदलते व पुष्कळ बिट खाते. सौम्य गाळणी लावून ती कमी करता येते. गाळणी कडक लावल्यास चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत दिसू लागतात.

संकेतन पद्धतीची निवड

२००३ साली प्रसिद्ध झालेली एच.२६४ पद्धत जवळजवळ सर्व उपकरणांवर चालते. एमपेग-२ पद्धतीपेक्षा ती हालचालीचा अधिक सूक्ष्म अंदाज घेते आणि ठोकळ्यांच्या कडा मऊ करण्याची व्यवस्था तिच्यात अंगभूत आहे. २०१३ सालची एच.२६५ व २०१८ सालची एव्ही१ या पद्धती आणखी कमी बिट घेतात; परंतु संकेतनास अधिक वेळ लागतो व जुनी उपकरणे त्या उलगडू शकत नाहीत. कोणत्याही पद्धतीत आज्ञावलीला ‘मंद’ गतीने काम करू दिल्यास तेवढ्याच बिटांत सहसा अधिक चांगले चित्र मिळते. तबकडीवरील डॉल्बी ध्वनी सेकंदाला कमाल ४४८ किलोबिट इतकाच असतो, त्यामुळे तो न बदलता जसाच्या तसा घेणे श्रेयस्कर असते.

पडताळणी

संपूर्ण व्हिडिओ संकेतित करण्यापूर्वी अंधारे दृश्य, वेगवान हालचाल व चेहऱ्याचे समीपदृश्य असे एक-दोन मिनिटांचे तुकडे घेऊन चाचणी केली जाते. तुलनेसाठी पीएसएनआर, एसएसआयएम व व्हीएमएएफ ही मापनेही वापरतात. ही मापने नवी प्रत तिच्या मुळाशी ताडून पाहतात. मुळातील दोष नव्या प्रतीत तंतोतंत उतरले, तरी गुणांक उत्तमच येतो. म्हणून अंतिम निर्णय डोळ्यांनीच करावा लागतो.

पुनःसंकेतन केव्हा टाळावे

व्हीसीडीवरील एक तासाचे चित्रण ध्वनीसह सुमारे ६२० मेगाबाइटचेच असते. त्यात एमपेग-१ पद्धतीचे ठोकळे आधीच उमटलेले असतात. अशा वेळी पुनःसंकेतनाने वाचणारी जागा अल्प व हानी कायमची असते, त्यामुळे माहिती जशीच्या तशी एमकेव्हीसारख्या संचिकेत ठेवणे हिताचे ठरते. कौटुंबिक चित्रणाची एकच तबकडी शिल्लक असेल, तर प्रथम तिची अखंड प्रत काढून ती दोन ठिकाणी ठेवतात आणि लहान संचिका त्या प्रतीवरून केवळ पाहण्यासाठी बनवतात. ७२०×५७६ चे चित्र १९२०×१०८० पिक्सेलचे केल्याने त्यात नवी माहिती येत नाही. बिटांचा खर्च मात्र वाढतो.

कायदेशीर बाजू

स्वतः चित्रित केलेल्या व्हिडिओबाबत कोणताही निर्बंध नाही. व्यापारी तबकड्यांवर मात्र अनेकदा सीएसएस हे कुलूप असते. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ खाजगी वापरासाठी उचित व्यवहारास मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने अशी तांत्रिक कुलपे तोडण्यास दंडनीय ठरवते.

हे सुद्धा पहा

- डीव्हीडी
- व्हीसीडी
- एमपेग-२
- एच.२६४
- प्रताधिकार