गोव्याची भुकटी : सोरायसिसवरील लेपांच्या इतिहासातील एक प्रकरण

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधी बाजारात ‘गोवा पावडर’ या नावाने एक पिवळसर तपकिरी भुकटी विकली जात असे. नावाने ती गोव्याची असली, तरी तिचे मूळ गोव्यात नव्हते. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील अरारोबा वृक्षाच्या गाभ्यातील भेगांत ती साठते. पोर्तुगीज व्यापारमार्गाने ती गोव्यास व तेथून मुंबईस येई, आणि गजकर्णावरील औषध म्हणून तिची ख्याती होती. मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ मध्ये तिची माहिती इंग्लंडमधील औषधशास्त्रज्ञांपुढे ठेविली. पुढे १८७४ मध्ये सर जोसेफ फेयरर यांनी तिच्याविषयी लिहिले. ते वाचून बाहियाचे डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी १८७५ मध्ये ही भुकटी व आपल्याकडील अरारोबा एकच असल्याचे दाखवून दिले.

लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी १८७६ मध्ये सोरायसिसवर या भुकटीचा गुण येतो असे प्रसिद्ध केले. लीबरमान व झाइडलर यांनी १८७८ मध्ये तिच्यातील मुख्य द्रव्य क्रायसॅरोबिन असल्याचे सिद्ध केले. परंतु गुणाबरोबर दोषही प्रकट झाला. लेपाने कपडे व त्वचा डागळत, भोवतीची निरोगी कातडी लाल होऊन जळजळे, आणि डोळ्यांस लागल्यास तीव्र दाह होई.

हा दाह औषधाच्या अंगभूत तीक्ष्णतेचा की रुग्णाच्या प्रकृतीविशेषाचा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. पहिल्या प्रकारात पुरेशी मात्रा व पुरेसा वेळ मिळाल्यास कोणाचीही त्वचा भाजते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ॲलर्जीत, पूर्वसंपर्काने संवेदनशील झालेल्या व्यक्तीस अल्प मात्राही बाधते. हा भेद तपासण्याची पद्धत योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये पाऱ्याच्या संदर्भात मांडली. संशयित द्रव्य त्वचेच्या लहानशा भागावर झाकून ठेवावयाचे व नंतर तेथील प्रतिक्रिया पाहावयाची, हे तिचे स्वरूप होय. आज पट्टी सामान्यतः ४८ तासांनी काढतात व पुढील एकदोन दिवसांनी त्वचा पुन्हा तपासतात. नुसता दाह बहुधा ओसरत जातो. ॲलर्जीची प्रतिक्रिया टिकते किंवा वाढते.

पहिल्या महायुद्धात अरारोबाचा पुरवठा अडला. तेव्हा जर्मनीत क्रायसॅरोबिनशी सदृश असे डिथ्रॅनॉल कृत्रिम रीतीने बनविण्यात आले, आणि १९१६ मध्ये गालेव्स्की व उन्ना यांनी त्याचा उपयोग वर्णिला. तेही दाहकच ठरले. उपचारात वापरावयाच्या तीव्रतेचे डिथ्रॅनॉल पट्टीखाली झाकून ठेविल्यास निरोगी त्वचाही लाल होते. ही लाली ॲलर्जी समजल्यास उपयुक्त औषध रुग्णास कायमचे नाकारले जाते. म्हणून चाचणीसाठी ते अतिशय विरल करावे लागते. शिवाय सोरायसिसच्या रुग्णात त्वचेस इजा झालेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. हा क्योब्नर यांनी वर्णिलेला विशेष चाचणीचा अर्थ लावताना विसरून चालत नाही.

डिथ्रॅनॉलची खरी ॲलर्जी विरळ असल्याचे पुढील अनुभवाने दिसून आले. त्यामुळे औषध टाकून न देता मात्रा व वेळ यांचे नियमन करण्याकडे संशोधन वळले. लीड्सच्या इंग्रॅम यांनी १९५३ मध्ये डांबरस्नान, अतिनील किरण व डिथ्रॅनॉलचा लेप यांची सांगड घातली. १९८० नंतरच्या दशकात लेप अल्पकाळ ठेवून धुऊन टाकण्याची पद्धत रूढ झाली.

याच्या उलट उदाहरण पुणे शहराने पुरविले. भारतातील गाजरगवताची नोंद १९५६ मध्ये पुण्यावरून प्रसिद्ध झाली. त्याने होणाऱ्या त्वचारोगाचा अभ्यास लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी १९७४ मध्ये मांडला. येथे मात्र प्रश्न खऱ्या ॲलर्जीचा होता. मात्रा कमी करून तो सुटत नाही. संपर्कच टाळावा लागतो.

बाह्यतः दोन्ही ठिकाणी लाल झालेली त्वचाच दिसते. परंतु एका निदानातून औषध सौम्य करण्याचा मार्ग निघतो, तर दुसऱ्यातून द्रव्य वर्ज्य करण्याचा. गोव्याच्या भुकटीपासून डिथ्रॅनॉलपर्यंतचा इतिहास हा विवेक संपादन करण्याचा इतिहास आहे.