वावडे नेमके कशाचे?

मराठीतला ‘वावडे’ हा शब्द फार मोठा प्रदेश व्यापतो. वांगे खाल्ले की कुणाचे ओठ खाजतात, दूध प्यायले की कुणाचे पोट गुबारते, कोळंबी खाल्ली की कुणाच्या अंगभर गांधी उठतात. तिघांनाही त्या त्या पदार्थाचे वावडे असते. ‘पित्ता’चेही तसेच. छातीत जळजळले तरी पित्त, आणि ज्या चट्ट्यांवर आमसुलाचे पाणी लावतात तेही पित्तच. रोजच्या बोलण्यात हे चालून जाते. तपासणीच्या खोलीत चालत नाही, कारण या तक्रारी शरीरातल्या वेगवेगळ्या यंत्रणांतून उगवतात आणि भलत्या यंत्रणेवर लावलेली चाचणी भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते.

दुधाचेच पाहू. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज ही शर्करा असते. ती फोडणारे लॅक्टेज हे विकर जगातल्या बहुसंख्य माणसांत बाळपण सरले की ओसरू लागते. न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो, पोट गुडगुडते, कधी जुलाब होतात. याला असहिष्णुता म्हणतात, आणि तिच्यात मात्रेला महत्त्व असते. एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, अशा बहुतेकांना फारसा त्रास न होता सोसते. दही-ताक त्याहून सहज सोसते, कारण विरजणाने काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते. या असहिष्णुतेची चाचणी श्वासाची. आपल्या पेशी हायड्रोजन वायू बनवत नाहीत, आतड्यातले जिवाणू बनवतात. म्हणून लॅक्टोजचे पाणी पाजून दर थोड्या वेळाने श्वास तपासतात. हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्ष भागांत २० भागांनी वाढला, तर शर्करा न फुटताच पुढे गेली असे समजतात.

दुधाची ॲलर्जी ही याहून अगदी निराळी. तिथे शर्करेचा संबंध नाही. केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन अशा प्रथिनांना शरीराची संरक्षणव्यवस्था शत्रू समजते. दोन-चार थेंबही पुरतात, आणि दही लावल्याने ही प्रथिने नाहीशी होत नाहीत. ‘गाईचे बाधते तर शेळीचे द्या’ हा घरोघरचा सल्ला अशा बाळाला धोक्याचा आहे. शेळीच्या दुधातली प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक वेळा तीच प्रतिक्रिया येते.

ॲलर्जी घडवणारा मध्यस्थ पदार्थ रक्तात असतो, हे १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात दिसले. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेली मासळी सोसत नसे. त्यांच्या रक्ताचा सीरम कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. सीरममधला तो पदार्थ म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई, हे कळायला १९६० चे दशक संपत आले. आयजीई त्वचेतल्या आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसते. ओळखीचे प्रथिन आले की त्या पेशी हिस्टामिन सोडतात.

आजची त्वचाचाचणी त्याच तत्त्वावर उभी आहे. हातावर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि १५-२० मिनिटांनी फुगवटा मोजतात. मिठाच्या पाण्याच्या टोचणीपेक्षा तो किमान ३ मिलिमीटर मोठा असला तर चाचणी सकारात्मक. सर्दी-खाजेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर फुगवटा दबतो. रक्ततपासणीत तेच आयजीई आकड्यात मिळते.

आता खरा अवघड मुद्दा. या दोन्ही चाचण्या शरीराने एखाद्या पदार्थाची ओळख ठेवली आहे, एवढेच सांगतात. ती ओळख भांडणापर्यंत जाते का, हे त्यांना ठाऊक नसते. कर्नाटकात २० ते ५४ वयाच्या प्रौढांचा मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले. संभाव्य ॲलर्जी मात्र १.२ टक्क्यांत. म्हणजे बावीस सकारात्मकांमागे जेमतेम एक. कसलीही तक्रार नसताना पन्नास पदार्थांचे ‘पॅकेज’ तपासून घेतले आणि त्या कागदाबरहुकूम मुलाचे शेंगदाणे, अंडी, गहू बंद केले, तर बहुधा निरोगी मुलाचे ताट रिकामे होते. आणि बंद करणे निरुपद्रवी नसते. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका प्रयोगात जास्त धोक्याच्या बाळांपैकी काहींना शेंगदाणा नियमित दिला, काहींना वर्ज्य केला. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी वर्ज्य गटात १७.२ टक्के मुलांना होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्क्यांना.

आयजीजी या आयजीईच्याच कुळातल्या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या चाचण्यांबद्दल तर स्पष्ट बोलायला हवे. ‘फूड इन्टॉलरन्स’च्या नावाखाली त्या विकल्या जातात. आयजीजी हे नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाविरुद्ध निरोगी माणसातही असतेच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच त्या निदानासाठी वापरू नयेत असे सांगितले. रोज पोळी खाणाऱ्याला ‘गव्हाविरुद्ध आयजीजी’ दाखवून घाबरवणे मला अन्यायाचे वाटते.

उलट बाजूचा चकवाही आहे, किनाऱ्यावर विशेष. बांगडा, कुपा अशी मासळी बर्फाविना राहिली की जिवाणू तिच्यातल्या हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात, आणि ते शिजवून जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोके दुखते, गांधी उठतात. मासळीच्या ॲलर्जीची चाचणी मात्र नकारात्मक येते. इथे एका प्रश्नाने बरेच उलगडते: त्याच पंगतीत आणखी कुणाला त्रास झाला का?

सीलिॲक विकार आणखी निराळा. तो गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होतो. पण तो आयजीईचा नव्हे. त्याला वेगळी प्रतिपिंडे आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा तपासावा लागतो. लक्षात ठेवायचे एकच: तपासणीआधी गहू सोडून फक्त ज्वारी-नाचणीवर गेलात, तर प्रतिपिंडे ओसरतात आणि निदान हातचे निसटते.

म्हणून चाचणीच्या आधी वही. काय खाल्ले, किती, कसे शिजवलेले, किती मिनिटांनी काय झाले, पुन्हा खाल्ल्यावर तेच झाले का, सोबत व्यायाम किंवा वेदनाशामक गोळी होती का. आयजीईची प्रतिक्रिया बहुतेकदा मिनिटांत, फार तर दोन तासांत येते. संध्याकाळच्या गुबाऱ्यासाठी सकाळच्या अंड्यावर आयजीईचा संशय घेण्यात फारसा अर्थ नसतो. वही एखाद्या पदार्थाकडे बोट दाखवते, मग त्याच पदार्थाची टोचणी किंवा रक्ततपासणी करावी.

एवढ्यानेही शंका उरली तर शेवटची कसोटी खाऊन पाहण्याची. ती घरी कधीच करू नये. रुग्णालयात, ॲड्रेनलिनची सुई भरायला तयार ठेवून, पदार्थ अगदी कणभरापासून सुरू करतात, ठरावीक अंतराने मात्रा वाढवतात, गांधी, उलटी किंवा धाप दिसताच थांबतात. पूर्ण वाटी निभावली आणि पुढचे काही तास शांत गेले, तर तो पदार्थ घरच्या ताटात परत येतो, आणि मग तो नियमित खात राहावा लागतो.